शोधसेवेवरील विनंत्यांचा आकस्मिक भार : कारणमीमांसा

प्रस्तावना :
२५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन यांच्या निधनाची वार्ता पसरताच त्यांच्याविषयी शोध घेणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की, गूगल न्यूजच्या यंत्रणेने तो स्वयंचलित हल्ला मानला. सुमारे २५ मिनिटे काही वाचकांना बातमीऐवजी दिलगिरीचे पान दिसले. माणसांचे कुतूहल आणि यंत्राचा मारा आलेखावर सारखेच दिसू शकतात. त्यांतील भेद कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
संकेतस्थळ वा मोबाइल अॅप शोधयंत्रणेशी सहसा थेट संपर्क साधत नाही; मध्ये एपीआय ही खिडकी असते. खिडकीवर आलेली एक विनंती आत एकच राहील असे नाही. शोधसूची अनेक भागांत विभागलेली असल्यास ती प्रत्येक भागाकडे जाते. उलट, आधीचे उत्तर तात्पुरत्या साठ्यात (कॅशमध्ये) असल्यास आत काहीच पोहोचत नाही. म्हणून प्रथम खिडकीवरील व आतील आकडे ताडून पाहावेत. बाहेरील आकडा स्थिर असून आतील वाढला असेल, तर दोष बहुधा घरातच असतो : साठा रिकामा झालेला असतो किंवा प्रणालीत नुकताच बदल केलेला असतो.

दोन्ही आकडे वाढले असल्यास नोंदवही (लॉग) तपासावी. वार्तेमुळे आलेले वाचक एकाच नावाभोवती गोळा होतात, त्या नावाची वर्णलेखने चुकवतात आणि निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. आज्ञावली मात्र ठरावीक अंतराने हजारो भिन्न शब्द विचारते व निकालांच्या शेवटच्या पानापर्यंत जाते. येथे एक चकवाही आहे. यंत्रणा मंदावली की उत्तर न मिळालेले प्रोग्राम तीच विनंती पुन्हा पाठवतात आणि परिणामच कारणासारखा भासू लागतो. त्यामुळे शिखरापेक्षा चढाची पहिली काही मिनिटे अधिक बोलकी असतात.

जॅक्सन यांच्या निधनाच्या वेळी विकिपीडियाचे अनेक सर्व्हर एकच पान एकाच वेळी नव्याने तयार करीत बसले. त्या अनुभवातून समांतर कामांवर मर्यादा घालणारी ‘पूलकाउंटर’ ही व्यवस्था निर्माण झाली. पुढे ती तेथील शोधासाठीही वापरात आली.

सरसकट आयपी पत्ता रोखणे हा सोपा, पण अन्यायकारक उपाय होय. महाविद्यालयाच्या संगणककक्षातील सर्व विद्यार्थी बाहेरून बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात. एका उत्साही विद्यार्थ्याच्या आज्ञावलीपायी सर्वांचेच वाचन थांबते. यासाठी विकिमीडिया आज्ञावली चालविणाऱ्यांना आपली ओळख व संपर्क विनंतीसोबत कळविण्यास सांगते. ती ओळख खोटीही असू शकते, हे मात्र तपासणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे.