जादा सेकंद हवाच कशाला?

सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. म्हणून लीप सेकंद म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी हळूहळू मंदावते. अणुघड्याळं मात्र एका लयीत चालतात. हा मेळ राखायला १९७२पासून २७ जादा सेकंद घातले गेले. शेवटचा १ जानेवारी २०१७ला : आपल्याकडे पहाटे ५:२९:५९ नंतर थेट साडेपाच न वाजता आधी ५:२९:६० आले. २०१२च्या जादा सेकंदाने तर जगभरचे कित्येक सर्व्हर लटकले होते.

मुंबईची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सरासरी ३९ मिनिटं मागे आहे. कुणाचं काही अडलं? मग एका सेकंदासाठी एवढा आटापिटा कशाला? घड्याळ आणि पृथ्वी यांच्यातल्या फरकाची मर्यादा २०३५पर्यंत वाढवायची, असं वजन-मापांच्या जागतिक परिषदेने २०२२मध्ये ठरवलं. अगदी योग्य केलं!