साक्षीची शेवटची गाडी

थंडीत पहाटे साडेपाचला साताऱ्यात अंधारच असतो. मी चहा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसते. फोन बाहेरच्या खोलीत. शंभरपानी वहीत फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान खोडाखोडीसाठी कोरं ठेवायचं. आधी कालचं शेवटचं पान मोठ्यानं वाचते. आदल्या दिवशी प्रसंग रंगात आला की मी मुद्दाम हात आवरता घेते, म्हणजे सकाळी साक्षी कुठंतरी अर्ध्यावर उभी असते आणि तिला पुढं न्यावंच लागतं.

साक्षी माझ्या कादंबरीतली मुलगी. वय चौदा, इयत्ता नववी. म्हणजे बालभारती सुटून नुकती कुमारभारती हातात आलेली. परळी खोऱ्यातल्या एका गावातून एसटीनं साताऱ्याच्या शाळेत येते. कबड्डीच्या निवडीसाठी थांबली, घरी सांगितलं नव्हतं, आणि आता शेवटची गाडी गेली आहे.

सहा ते साडेआठ ही सगळ्यात मोलाची वेळ. या वेळात लिहिते त्यापेक्षा खोडते जास्त. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे तिला आत्ता माहीत आहे का? मोठ्या माणसाला स्टँडवर दहा वाटा दिसतात. चौकशीच्या खिडकीवर विचारावं, मावशीकडं मुक्काम करावा. साक्षीला एवढंच दिसतं, की आता सगळं उघडं पडणार. ‘पुढं तिला कळलं की’ अशी सुरुवात असलेलं वाक्य आलं, की ते जातंच. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा मोठा झालेला श्याम मागं वळून पाहत होता. त्या पुस्तकाचं बळच त्या मागं पाहण्यात आहे. कुमारांच्या कादंबरीत मात्र मला पुढचं माहीत असणारं कुणीही नको आहे. एस. ई. हिंटन या अमेरिकी लेखिकेनं ‘द आउटसायडर्स’ शाळेत असतानाच लिहायला घेतली; १९६७ मध्ये ती छापून आली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. तिला ते वय आठवावं लागलं नाही. मला रोज सकाळी, ओळी खोडत खोडत, तिथवर पोचावं लागतं.

साडेनऊ ते दोन भाषांतराची कामं. घर त्यावर चालतं.

जेवणानंतर डावी पानं. सध्या तिथं फोनचा गुंता आहे. भा. रा. भागवतांच्या गोष्टींतला फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारून निघाला, की घरच्यांना तो कुठं आहे हे कळायची सोय नव्हती. आता एका फोनमध्ये गोष्ट संपते, अशी तक्रार बरेच लिहिणारे करतात. मला ती पटत नाही. साक्षीकडं स्वतःचा फोन नाही. घरातला एकुलता फोन भावाच्या खिशात असतो. तिनं कुणा अनोळखी बाईकडून फोन लावला, तर तो भावालाच जाणार. आईशी बोलायचं तर आधी त्याला तोंड द्यायचं. फोननं गोष्ट अडत नाही, घरात कुणाचं चालतं ते बाहेर येतं.

पाचच्या सुमाराला स्टँडवर. शाळा सुटलेल्या असतात. अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत पासावर येणाऱ्या मुली घोळक्यानं गाडीची वाट बघतात. गाडी लागते न लागते तोच एखादी खिडकीतून दप्तर आत टाकून चौघींची जागा धरते. त्या पासामुळं किती घरांत मुलीची शाळा नववी-दहावीच्या पुढं टिकली असेल, हा विचार इथं रोज येतो. मी बाकावर बसून ऐकते. मैत्रिणींशी ‘न्हाई गं, घरी कळंल’ म्हणणारी मुलगी बाई दिसल्या की ‘नाही मॅडम’ म्हणते. हे बदलणं अर्ध्या सेकंदाचं असतं. संवाद लिहिताना ते मला हवं असतं. ऐकलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं वहीत उतरवत नाही. या मुलींनी ते मला दिलेलं नाही.

सातला शेजारची आठवीतली मुलगी येते. तिला मी नवी पानं वाचायला देते आणि मत विचारत नाही. ती कुठं भरभर पानं उलटते आणि कुठं मागं जाऊन पुन्हा वाचते, तेवढं बघते. मावशीच्या घराचं वर्णन तिनं आज ओलांडलं. स्टँडवरच्या पानाशी थांबून म्हणाली, “काकू, ती घरी कशाला फोन करेल? ज्या मैत्रिणीनं तिला थांबवलं, तिलाच करेल.”

त्या मैत्रिणीला मी दुसऱ्या प्रकरणातच सोडून दिलं होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर उद्याच्या उजव्या पानाच्या डोक्यावर लिहून ठेवलं: तिचा नंबर साक्षीला पाठ आहे का?