सालामांकाचे जेवणघर

पहिल्याच दिवशी सेन्योरांनी मसुराच्या आमटीतले सॉसेजचे तुकडे चमच्याने बाजूला काढले आणि बशी माझ्या नातीपुढे सरकवली. झाले शाकाहारी!

नात म्हणजे पुतण्याची मुलगी. वाढली न्यू जर्सीत, पण खाण्याच्या बाबतीत थेट आजीवर गेलेली. तिच्या विद्यापीठाने २०२३ मध्ये तिला एका सत्रासाठी स्पेनमधल्या सालामांकाला पाठवले होते, स्पॅनिश शिकायला. वर्गात तिला उत्तम गुण होते. पण ‘ज्यात मांस शिजले तो रस्साही मला चालत नाही’ हे ताटावर बसून सांगता येईना. तो आठवडा तिने पाव खाऊन काढला.

सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारे नेब्रिहा इथेच शिकवत. परकीयांसाठी इथे १९२९ पासून वर्ग भरतात. जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, कोरीव नक्षीत, कवटीवर बसलेला एक बेडूक आहे. कुणी न दाखवता ज्याला तो दिसेल तो विद्यार्थी पास, अशी समजूत. (मला दाखवूनही लवकर दिसला नाही.)

पण भाषा खरी मुरते ती घरात. कुटुंबात राहायचे, तेही पैसे मोजून. विद्यापीठ घराला ठरलेली रक्कम देते. त्यात खोली, जेवण, कपडे धुणे. दुपारचे जेवण अडीच-तीनला, रात्रीचे नऊनंतर. घरात अनवाणी फिरायचे नाही, खोलीबाहेर पडताना दिवा मालवायचा. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. मला हा व्यवहार खटकला नाही. उलट बरा वाटला. पैसे दिले आहेत म्हणून तर नात अखेर एका रात्री, अडखळत, चुकीच्या क्रियापदांनी का होईना, तक्रार करू शकली. सेन्योरा आधी चकित झाल्या, मग ओशाळल्या. दुसऱ्या दिवसापासून मसूर वेगळ्या भांड्यात शिजू लागले. आणि जेवताना चुकलेले क्रियापद दुरुस्त करून देणे सुरू झाले, ते मात्र करारात नव्हते.

गंमत अशी, की काही बाबतीत नात सोबतच्या अमेरिकन मुलींच्या पुढे होती. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडते’. तिथे आवडणारा माणूस कर्ता नसतो, आवडलेली वस्तू असते. त्या मुली यावर डोके आपटत; हिला ते मराठीतून आयतेच मिळालेले. ‘तू’ला तर स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात! आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळे. सेन्योरांनी पहिल्याच दिवशी ‘मला तू म्हण’ सांगितले, पण सत्तरीच्या बाईंना तू म्हणायला हिची जीभ रेटेना. फोनवर मी म्हटले, ‘‘अगं, आजीला काय म्हणतेस?’’

नोव्हेंबरात मी चार दिवस तिकडे गेलो, तेव्हा रविवारी दुपारी सेन्योरांनी मला जेवायला बोलावले. बटाट्याचे जाड ऑम्लेट होते. त्याला त्या ‘तॉर्तिया दे पातातास’ म्हणतात. ‘पातातास’मधला बटाटा मला लगेच ओळखता आला. बोलता बोलता मी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोष्ट सांगितली. त्यांनी पुण्यात वार लावून शिक्षण केले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. फुकट जेवण, त्यामुळे मीठ कमी असले तरी मान खाली घालून जेवायचे. अण्णा त्या घरांबद्दल फारसे कधी बोलले नाहीत. सहा वार मिळाले होते, एवढे सांगत.

‘वार लावणे’ला नातीला शब्द सापडेना. दहा वाक्यांत तिने ते समजावले. सेन्योरा हातातला सुरा खाली ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारले.

‘‘आजोबा, त्या विचारतायत, सातव्या दिवशी ते कुठे जेवायचे?’’

मला सांगता आले नाही. मी अण्णांना कधी विचारलेच नव्हते. सेन्योरांनी माझ्या बशीत ऑम्लेटचा आणखी एक तुकडा वाढला.