एसी कुठे बसवावा? नागपूरचे सल्ले आणि मालगुंडचा खारा वारा

मे महिन्यात गणपतीपुळ्याला आलेले पाहुणे खोली शोधत मालगुंडपर्यंत येतात आणि भाडं विचारायच्या आधी विचारतात, ‘एसी आहे ना?’ त्यामुळे केशवसुतांच्या या गावात जांभ्याच्या जुन्या घरांनाही आता एसी लागू लागले आहेत. तो कुठे बसवायचा, हे मात्र मेकॅनिक भोक पाडायला ड्रिल काढतो तेव्हाच ठरतं. त्या वेळी मिळणारे सल्ले ऐकीव असतात आणि त्यातले बरेचसे कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातले.

दोन्हीकडच्या हवेतला फरक आधी पाहू. नागपूरची ४४ अंशांची आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा कूलरच्या ओल्या वाळ्यातून गेली, तर गणिताने २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मालगुंडची ३३ अंशांची आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा कितीही भिजवली तरी २८च्या खाली जात नाही. तिकडे झगडा तापमानाशी आहे, इकडे दमटपणाशी आणि मिठाशी. एसीची जागा ठरते ती यावरून.

गैरसमज १ : आउटडोअर युनिटला ऊन लागता कामा नये, पत्र्याची पेटी करून झाकावं.

वस्तुस्थिती : दीड टनाचा एसी खोलीतली सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता उचलतो. त्यात कॉम्प्रेसरची दीडेक किलोवॅट मिळवली, तर बाहेरच्या युनिटला पावणेसात किलोवॅटच्या आसपास उष्णता हवेत फेकावी लागते. युनिटच्या डब्यावर पडणारं कडक ऊन फार तर अर्धा किलोवॅट. फ्लोरिडातल्या सौरऊर्जा केंद्राने १९९०च्या दशकात मोजमाप केलं, तेव्हा नुसत्या सावलीने होणारी बचत तीन टक्क्यांच्या आतच भरली. उलट पेटीत कोंडलेलं युनिट स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढतं. थंडावा कमी होतो आणि बिल वाढतं. नागपुरात तर हा प्रकार फारच महागात पडतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. तिथे ४५ असतात आणि कोंडलेल्या पेटीत त्याहून जास्त.

सावली मिळाली तर चांगलंच, पण ती झाडाची किंवा भिंतीची असावी. पंख्यासमोर तीन-चार फूट मोकळे हवेत आणि मागे किमान वीतभर.

गैरसमज २ : समुद्राकडे तोंड करून लावलं की वाऱ्याने युनिट थंड राहतं.

वस्तुस्थिती : मालगुंडचा किनारा पश्चिमेला आहे. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा अंगाला बरा वाटतो, पण त्यात लाटांच्या तुषारांतून उडालेलं मीठ असतं. बाहेरच्या युनिटमध्ये बहुधा तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे आयता विद्युतघटच. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आधी पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसते, मग बोट लावलं तरी त्या झडू लागतात. शिवाय समोरून येणारा जोराचा वारा पंख्याची हवा मागे रेटतो.

म्हणून युनिट घराच्या पूर्वेला, मागील दारी, भिंतीच्या आडोशाला. त्यासाठी तांब्याचा पाइप चार-पाच फूट वाढला तरी हरकत नाही. पाइप कंपनीने दिलेल्या लांबीपुढे गेला, तर त्या मापाने जादा गॅस मोजून भरून घ्यावा. पट्ट्यांवरचा निळा लेप गंज लांबवतो, थांबवत नाही.

गैरसमज ३ : पावसाचं पाणी लागलं की युनिट बिघडतं, वळचणीखाली सुरक्षित.

वस्तुस्थिती : बाहेरचं युनिट पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो पट्ट्यांवरचं मीठ फुकटात धुऊन नेतो. छपराखाली दडवलेल्या युनिटवर मीठ साचतच राहतं. तिथे ते लावावंच लागलं, तर पावसाळ्याबाहेर महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याने हलकेच धुवावं. दाबाच्या पाण्याने पट्ट्या वाकतात.

पावसाळाभर युनिट ताडपत्रीत गुंडाळून ठेवणं तर आणखी वाईट. आत ओल कोंडते, उंदीर घर करतात आणि वायर कुरतडतात. झाकायचंच तर फक्त वरून. बाजू मोकळ्या हव्यात.

गैरसमज ४ : कुठल्याही भिंतीवर अँगल ठोकला की झालं.

वस्तुस्थिती : जांभा मऊ आणि सच्छिद्र. काँक्रीटसाठीचे फास्टनर त्यात नीट धरत नाहीत, त्यात युनिटची थरथर आणि वादळी वारा. भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावावी, नाहीतर सरळ जमिनीवर चौथरा बांधावा. चौथरा निदान फूट-दीड फूट उंच हवा, म्हणजे पागोळ्यांनी उडणारी तांबडी माती पट्ट्यांत बसत नाही. आणि वर माड नाही ना, हेही पाहावं. नारळ पडला की युनिटचं काय होईल, ते इथे कोणाला सांगायला नको.

गैरसमज ५ : माजघरात लावला की सगळं घर गार.

वस्तुस्थिती : कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा खेळावी, अशीच रचना असते. म्हणून तर ती घरं एसीविना राहण्यासारखी होती. त्याच फटींतून एसीच्या खोलीत दमट हवा सतत शिरत राहते आणि यंत्राची बरीचशी ताकद त्या हवेतलं पाणी काढण्यात जाते. पाहुण्यांची एकच खोली निवडावी, वर फळ्यांचं किंवा बोर्डाचं छत करावं, दाराखालची फट बुजवावी आणि मग एसी लावावा. छत नसलेल्या खोलीत दोन टनांचाही उपयोग होत नाही.

गैरसमज ६ : इनडोअर युनिट तापणाऱ्या भिंतीवर किंवा पलंगाच्या उशाशी हवं.

वस्तुस्थिती : स्प्लिट एसी खोलीतली हवा फिरवतो, तो कोणत्या भिंतीवर आहे यापेक्षा हवा खोलीभर पोहोचते की नाही, ते महत्त्वाचं. जमिनीपासून सात-आठ फुटांवर, छताखाली वीतभर जागा सोडून, झोत खोलीच्या लांबीने जाईल असा लावावा. उशाशी लावला की झोत रात्रभर डोक्यावर. दारावर लावला तर दार उघडताच गार हवा बाहेर.

कोकणात सर्वांत महत्त्वाचा तो ड्रेन पाइप. इथल्या दमट हवेतून एसी रात्रभरात बादलीच्या मापाने पाणी काढतो. पाइपला बाहेरच्या बाजूला सलग उतार नसेल, मध्ये कुठे झोळ पडला असेल, तर ते पाणी भिंतीवरून गादीवर येतं. म्हणून बाहेरच्या भिंतीची जागा घ्यावी आणि मेकॅनिक जाण्यापूर्वी एक तांब्या पाणी ट्रेमध्ये ओतून ते कुठून निघतं, हे स्वतः पाहावं.

भोक पाडण्याआधी मेकॅनिकला चारच प्रश्न विचारा : वारा कुठून येतो, फेकलेली गरम हवा कुठे जाईल, पाणी कुठे पडेल आणि धुवायला हात पोहोचेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर जागा बदला. उंचावर लावलेलं युनिट इथे कोणी धूत नाही, आणि न धुतलेलं खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.