आगाऊ फी मागणारीं ई-पत्रें व जमीनधारक कास्तकार

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भोकरदन तालुक्यांतील पुष्कळ कास्तकारांचे हातीं मोबाइलवर ई-मेल घेण्याची सोय आली आहे. पीकविमा, सातबारा, बँकेचें खातें, बियाण्यांच्या कंपन्यांचीं पत्रकें, सर्व त्याच वाटेनें येतें. ही सोय चांगली आहे व ती कोणीं सोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्या वाटेनें विम्याची पावती येते त्याच वाटेनें एक निराळ्या जातीचें पत्रही येऊं लागलें आहे. त्याचा रोख जमिनीच्या मालकाकडे असल्यामुळें त्याची ओळख येथें जरा विस्तारानें करून देणें अवश्य वाटतें.

पत्राचा मजकूर साधारणतः असा असतो: उपग्रहाच्या पाहणींत आपला अमुक गट नंबर मोबाइलच्या टॉवरसाठीं निवडला गेला आहे, करार वीस वर्षांचा, आगाऊ रक्कम २५ लक्ष रुपये, मासिक भाडें ३० हजार, शिवाय घरांतील एकास पहारेकऱ्याची नोकरी. वर अशोकस्तंभ, खालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ‘ट्राय’चा, गोल शिक्का व इंग्रजी सही. अगदीं शेवटीं एक लहान ओळ असते कीं, नोंदणी फी २,५०० रुपये दोन दिवसांचे आंत भरावी, नाहीं तर टॉवर शेजारच्या गटांत जाईल.

सगळें पत्र त्या शेवटच्या ओळीसाठीं लिहिलेलें असतें. अडीच हजार भरले कीं ‘ना हरकत दाखल्या’ची फी निघते, ती भरली कीं करारनाम्याचा खर्च, मग जीएसटी, मग विमा, आणि शेवटीं ‘आपली रक्कम बँकेंत अडकली आहे’ म्हणून ती सोडविण्याचा आकार. प्रत्येक मागणी मागच्या मागणीहून मोठी असते. लोक विचारतात, शहाणा माणूस दुसऱ्यांदा पैसे देतो तरी कसा? तो लोभानें देत नाहीं, भीतीनें देतो. पहिले अडीच हजार बुडूं नयेत म्हणून तो दहा हजार देतो, व ते बुडूं नयेत म्हणून कापूस विकून आलेले चाळीस हजार देतो. कोरड्या विहिरींत पडलेली बादली काढण्यासाठीं दोर सोडावा व हातचा दोरही जावा, तसेंच हें आहे.

या पत्रांत कास्तकारास सर्वांत जास्त फसविते ती स्वतःच्या गट नंबराची ओळ. ‘माझा गट, माझें नांव, क्षेत्र एक हेक्टर वीस आर, सर्व बरोबर आहे, कचेरीशिवाय हें कोणास कळणार?’ आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केलेली असल्यामुळें याचें उत्तर ठामपणें देऊं शकतों. सातबारा हें पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांतील कागद होतें. आतां तें ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहण्यास कोणासही मोकळें आहे. नांवावरून गट व गटावरून नांव काढतां येतें. म्हणून गट नंबर बरोबर असणें हा पत्राच्या खरेपणाचा पुरावा मुळींच नव्हे. लिहिणाऱ्यानें पांच मिनिटें खर्च केलीं, एवढाच त्याचा अर्थ.

दूरसंचार विभाग व ट्राय यांनीं जाहीर सूचना देऊन वारंवार सांगितलें आहे कीं, टॉवरसाठीं जागा भाड्यानें घेण्याशीं त्यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध नाहीं, त्याकरितां ते कोणताही कर वा फी घेत नाहींत, व असा ‘ना हरकत दाखला’ ट्राय देतच नाहीं. दुसरें असें कीं, भाडें कंपनीनें कास्तकारास द्यावयाचें असतें. त्यावर कर लागलाच तर देणारा तो त्याच रकमेंतून कापून घेतो. पंचवीस लक्ष देणाऱ्यास त्यांतून अडीच हजार वळते करून घेण्यास काय हरकत असावी? हा एक प्रश्न विचारला कीं पलीकडचा मनुष्य चिडतो किंवा घाई करूं लागतो.

ही युक्ति नवी नाहीं. पॅरिसचा प्रसिद्ध गुप्त पोलीस अधिकारी व्हिदोक याच्या १८२८ सालीं प्रसिद्ध होऊं लागलेल्या आठवणींत, तुरुंगांतील कैदी श्रीमंतांस पत्रें कशीं लिहीत याचें वर्णन आहे. धन्याची जवाहिराची पेटी अमुक जागीं पुरून ठेवली आहे, ती मिळवून देतों, पण प्रथम खर्चापुरते पैसे पाठवावे, असा त्यांचा मासला. शंभरांपैकीं वीस पत्रांना उत्तर येई, असें तो सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेंच पत्र ‘स्पेनमधील कैदी’ या नांवानें इंग्लंड-अमेरिकेंत हिंडत होतें. नंतर नायजेरियांतून तें टपालानें, फॅक्सनें व शेवटीं ई-मेलनें जगभर गेलें. तेथील फौजदारी कायद्याच्या कलमावरून त्यास ‘४१९’ म्हणतात. आपल्याकडे ‘४२०’ हा शब्द रूढ आहेच. मात्र १ जुलै २०२४ पासून तें कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचें ३१८ वें कलम आलें आहे. शिवी मात्र जुन्याच आंकड्यानें चालू राहील असें दिसतें.

आपल्या देशांत हें पत्र मुंबईच्या रिझर्व्ह बँकेच्या नांवानेंही फार हिंडलें. परदेशांतून आपल्या नांवें कोट्यवधि रुपये आले आहेत, ते सोडविण्यास अमुक फी भरा, असा त्याचा मजकूर; खालीं खुद्द गव्हर्नरांचें नांव. रिझर्व्ह बँक कोणाही खाजगी व्यक्तीचें खातें ठेवीत नाहीं, मग तेथें आपली रक्कम अडकणार कशी? परदेशी लॉटरीसाठीं पैसे पाठविणें तर १९९९ च्या परकी चलन कायद्याप्रमाणें मनाच आहे.

कांहीं पत्रें इतकीं ओबडधोबड असतात कीं हसूं यावें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनीं २०१२ मध्यें याचें कारण मोठें मार्मिक दाखविलें. पत्र लाखोंना पाठविण्यास खर्च नाहीं. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याशीं पुढें बोलण्याचा. म्हणून शहाणा वाचक पहिल्या ओळींतच निघून जावा, हीच पाठविणाऱ्याची सोय असते. चाळणीवर उरेल तोच त्याचा माल. यास्तव रागानें किंवा गमतीनेंसुद्धां उत्तर देऊं नये. पत्ता जिवंत आहे एवढें त्यास कळतें.

आतां एक अडचण सांगितली पाहिजे. आगाऊ पैसे मागितले म्हणजे लबाडीच, असा सरसकट नियम धरून चालत नाहीं. महाराष्ट्रांत सौर कृषिपंपासाठीं सर्वसाधारण कास्तकारास १० टक्के व अनुसूचित जाति-जमातींच्या कास्तकारास ५ टक्के हिस्सा खरोखरच आधीं भरावा लागतो. नेमक्या याच फटींत चोर शिरले. कुसुम योजनेच्या नांवानें खोटीं संकेतस्थळें निघालीं, व केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास त्यांपासून सावध राहण्याच्या सूचना काढाव्या लागल्या.

मग खरें-खोटें ओळखावें कसें? पैसे कोणत्या घरीं जातात तें पाहावें. सरकारी भरणा अर्ज क्रमांकावर होतो, आपण स्वतः महावितरण किंवा महाऊर्जा यांच्या संकेतस्थळावर उघडलेल्या अर्जांतून होतो, व त्याची पावती तेथेंच निघते. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे १५ रुपयेसुद्धां याच रीतीनें जातात. एखाद्या माणसाच्या नांवचें बचत खातें, किंवा व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड, यांत सरकारी भरणा कधींही होत नाहीं. पत्रांतील दुव्यावर बोट न ठेवतां पत्ता आपल्या हातानें लिहून संकेतस्थळ उघडावें. पाठविणाऱ्याचा पत्ताही नांवावर न जातां पुरता वाचावा. पाकिटावर कोणीही ‘कलेक्टर’ लिहूं शकतो. केंद्र व राज्य सरकारच्या कचेऱ्यांचे पत्ते बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असे संपतात. जीमेलचा फुकट पत्ता घेऊन ट्राय कोणास लिहीत नाहीं. एवढें करूनही संशय राहिला तर पत्र घेऊन तहसील कचेरींत, महावितरणच्या कार्यालयांत किंवा आपल्या बँकेच्या शाखेंत विचारावें. त्यास एक दिवस मोडेल, तो मोडूं द्यावा.

पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक देशभर एकच आहे. तक्रार नोंदली कीं ज्या बँकेंत रक्कम गेली तिला कळविलें जातें, व रक्कम पुढें काढली गेली नसेल तर ती अडवितां येते. चोर ती दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत हलविण्यास वेळ लावीत नाहीं. म्हणून उद्यां मुलगा जालन्याहून आल्यावर पाहूं, असें म्हणूं नये. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार देतां येते. बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. पत्र, संदेश, भरण्याची पावती, खाते क्रमांक यांतील कांहीं एक पुसूं नये.

पुष्कळ लोक लाजेनें गप्प राहतात. त्यांनीं ब्राझीलमधील बँको नोरोएस्ते या बँकेची गोष्ट ध्यानांत घ्यावी. तिचे एक संचालक नेल्सन साकागुची यांनीं १९९५ ते १९९८ या काळांत नायजेरियाच्या राजधानींतील विमानतळासाठीं म्हणून बँकेचे सुमारें २४ कोटी डॉलर हप्त्याहप्त्यानें दिले. असा विमानतळ बांधला जाणारच नव्हता. तेथील मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर म्हणून बोलणारा इमॅन्युएल न्वुडे हा ठग होता. २००५ मध्यें लागोसच्या न्यायालयानें त्यास २५ वर्षांची शिक्षा दिली. बँक चालविणारा फसतो, तेथें कास्तकारानें घरांत तोंड लपविण्याचें कारण नाहीं.

लपविण्यांत आणखी एक धोका आहे. फसलेल्यांच्या याद्या हातोहात विकल्या जातात, व कांहीं महिन्यांनीं त्याच माणसास दुसरा फोन येतो: ‘आम्ही सायबर पोलिसांकडून बोलतों, आपले गेलेले पैसे सांपडले आहेत, परत पाठविण्याची फी तेवढी भरा.’ ज्यानें पहिल्या वेळीं घरीं सांगितलेलें असतें, त्याच्या हातांतून हा फोन मुलगा किंवा बायको काढून घेते.