बॉस्टनचे डॉलर आणि हिंगण्याचा आश्रम

परदेशी ख्रिस्ती देणगीदारांनी इथल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलावा, ही रीत सव्वाशे वर्षांहून जुनी. तिच्यामागे लागलेला वादही तेवढाच जुना: पैसा शिकवायला येतो की बाटवायला? या भांडणात शिकलेल्या मुली पुढे कुठे गेल्या, हे पाहायचं मात्र राहून जातं.

डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या नियोजित शाळेला दहा वर्षं पैसा पुरवण्याचं तिनं पत्करलं आणि त्यासाठी अमेरिकेत गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. भाऊ नरहरपंत मुंबईत होते, त्यांच्यामुळे ती सदनात पोचली.

पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं आणि ठिणगी पडली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसत. त्यांना बोलावत नाही, पण घालवूनही देणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही; तेव्हा शंका अगदीच हवेतली नव्हती.

त्याच वर्षी मार्चमध्ये गोदूबाईंनी नरहरपंतांचे मित्र, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. विधवांना शिकवणारी संस्था हवीच, पण तिच्याविषयी धर्मांतराचा संशय येता कामा नये, हे कर्व्यांना उमगलं होतं. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, याही विधवा, आश्रमात शिकल्या आणि 1918 मध्ये निधी जमवायला थेट अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरची कामं केली.

अशी परदेशी मदत मिळालेली मुलं पुढे कुठे पोचतात, यावर ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था स्थानिक चर्चमार्फत मुलांना मदत करते. भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती त्यांनी तपासली. मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती, नोकऱ्याही बऱ्या मिळाल्या होत्या. नुसत्या फीमुळे आणि पुस्तकांमुळे हे झालेलं नसावं; मुलांची स्वतःकडून असलेली अपेक्षा वाढली, हेही एक कारण असावं, असं त्यांचं अनुमान आहे. परदेशी निधीवर सरकारी निर्बंध आले आणि 2017 मध्ये या संस्थेनं भारतातलं काम गुंडाळलं. वाद तोच, फक्त आता पुण्याऐवजी दिल्लीत.

1893 मध्ये कुणी शारदा सदनाचा ताळेबंद मांडला असता, तर देणगीदारांना पैसा बुडाल्यासारखा वाटला असता आणि टीकाकारांना आपण जिंकलो असं. आश्रम निघायला तेव्हा तीन वर्षं होती, विद्यापीठाला तेवीस. अशा मदतीचा निवाडा करणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, एवढा तरी अवधी धरायला हवा.