हौद्याच्या काठावर बसलेली लेकरं

वाचकहो, तुमचे वय आज पन्नाशी-साठीच्या पुढे असेल आणि लहानपण नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात गेले असेल, तर जरा आठवून सांगा, पहिला नामांकित खेळाडू तुम्ही डोळ्यांनी कुठे पाहिलात? मुंबईचे मैदान आपल्यापासून पाचशे किलोमीटर दूर. गाडीभाड्याला पैसा नाही, मग तिकिटाचे नावच कशाला? गावसकरचे नाव रेडिओवर ऐकायचे आणि पेपरातला अंधूक फोटो बघायचा, एवढीच क्रिकेटची गाठभेट. तरीही तुम्ही मोठे खेळाडू पाहिले, आणि तेही हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात!

दुपार कलली की हलगी कडाडायची. ती ऐकली की हातातली जिलेबी तशीच तोंडात कोंबून लेकरं पळत सुटायची. म्हातारीकोतारी माणसं उंचवट्यावर, तरणी पोरं लिंबाच्या फांद्यांवर आणि लेकरांची जागा ठरलेली, हौद्याच्या अगदी काठावर, मातीत मांडी घालून. कोणी पुढे सरकलेच तर फेटेवाला पंच काठी आपटून दटावायचा, "आरं, मागं सरका की रं!" लेकरं वीतभर मागे सरायची आणि दोन वीत पुढे यायची.

तिथून काय दिसायचे? मोडून गोळा झालेले कान दिसायचे. शड्डू ठोकला की त्याचा आवाज थेट छातीत वाजायचा. दोन तगडे गडी एकमेकांना भिडले की त्यांचा श्वास ऐकू यायचा, उडालेली माती अंगावर यायची. हौद्यात उतरण्याआधी पहिलवान वाकून माती कपाळाला लावतो, हरलेला गडी उठून जिंकलेल्याच्या हातात हात देतो, वस्तादाच्या पाया पडतो, हेही दिसायचे. हे कोणी शिकवले नाही. लेकरांनी ते बघितले आणि उचलले.

रेवडीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत

या फडाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, पण नव्या पिढीसाठी सांगायला हवी. खर्च गावाचा असतो. घरटी वर्गणी गोळा होते, कोणी ज्वारी देतो, कोणी रोख देतो, कोणी एखाद्या कुस्तीचे इनाम स्वतःच्या नावाने लावतो. सुरुवात पोरासोरांच्या कुस्त्यांनी. इनाम म्हणजे मूठभर रेवड्या, नाहीतर नारळ. मग पाच-दहा रुपयांच्या, मग शंभराच्या, असे करीत दिवस मावळायच्या सुमारास मानाची शेवटची कुस्ती. पंच दोन्ही गड्यांचे वय, वजन, बांधा बघून जोड लावतात. जिंकलेला गडी फडाला फेरी मारतो आणि माणसं खुशीने त्याच्या हातावर नोटा ठेवतात.

आता यातली गंमत बघा. ज्या मातीत दुपारी रेवडीसाठी सात वर्षांचे पोर झटले, त्याच मातीत संध्याकाळी राज्यात नाव असलेला मल्ल उतरायचा. हौदा एक, माती एक, प्रेक्षकही तेच. त्या पोराला वाटायचे की आपण आणि तो एकाच रस्त्यावर आहोत, तो पुढे गेलाय आणि आपल्याला जायचे आहे. दुसऱ्या दिवशी खळ्यावर, मांजराच्या नाहीतर तेरणेच्या वाळूत तोच डाव चालायचा. धोबीपछाड, ढाक, एकेरी पट, घिस्सा ही नावे शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती, तरी चौथीतल्या पोरांना तोंडपाठ असायची.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा फड म्हणाल तर माळेगावचा. लोहा तालुक्यातले हे गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांची माणसं तिथे भेटतात. मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, लावणी आणि कुस्त्यांची दंगल यांसाठी तिचे नाव सगळीकडे आहे. लातूर शहरात महाशिवरात्रीला सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा भरते, तिथेही कुस्त्या ठरलेल्याच.

नांदेड शहरातल्या वाचकांची आठवण आणखी एका खेळाची असेल. श्री गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही अखिल भारतीय हॉकी स्पर्धा खालसा हायस्कूलच्या मैदानावर कितीतरी वर्षे भरत आली आहे. पंजाबकडचे, लष्कराचे, पोलिसांचे संघ गुरुद्वाराच्या या गावात येतात. मैदानाच्या कडेला उभे राहून चेंडूवर काठी बसल्याचा खणखणीत आवाज ज्याने लहानपणी ऐकला, त्याला टीव्हीवरची हॉकी मुकी वाटते, यात नवल नाही.

मुदगडचा गडी

लातूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांपुढे कुस्तीचा विषय काढा, पहिले नाव हरिश्चंद्र बिराजदारांचेच निघणार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा गडी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, खासबागेसारखे मैदान बांधले, तसा आश्रय आपल्याकडच्या मल्लाला मिळाला नाही. ज्याला मोठे व्हायचे त्याने वळकटी बांधून कोल्हापूर गाठायचे, हीच रीत. बिराजदारही कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले.

आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली ती लातूरला! त्या वर्षी गदा पटकावली बिराजदारांनी, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांसमोर. त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून ज्या पोरांनी ती बघितली, त्यांची आता साठी उलटली आहे. त्यांच्याकडून एकदा जरूर ऐका. सांगताना त्यांचे हात आपोआप हलू लागतात.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक मिळवले. १९७७ साली बेळगावात त्यांची गाठ पडली दिल्लीच्या सत्पालशी. गुरू हनुमानांच्या आखाड्यातला हा मल्ल त्या वेळी भल्याभल्यांना भारी पडत होता. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले, यावरून त्याची ताकद समजावी. त्या सत्पालला बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात अस्मान दाखवले. महाराष्ट्राच्या कुस्तीत ही लढत आजही नाव घेऊन सांगितली जाते.

पण बिराजदारांचे मोठेपण गदेपाशी संपत नाही. लंगोट उतरवल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. लातूर तालुक्यातल्या साई गावचे काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, ग्रीको-रोमन प्रकारात देशासाठी खेळले आणि अर्जुन पुरस्कार घेऊन आले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हाही बिराजदारांचाच पठ्ठा. २००६ साली बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०११ साली ते गेले. राहुलने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण जिंकले, ते बघायला वस्ताद नव्हते.

काका पवारांनी पुण्यात स्वतःची तालीम उभी केली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, तेव्हा समोरासमोर उभे असलेले दोघेही याच तालमीतले होते. गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून आपला लातूरचा शैलेश शेळके. अंतिम कुस्ती गादीवर. ३-२ अशी एका गुणाने शैलेशची गदा हुकली. जिंकलेल्या हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. हौद्याच्या काठावर बसून जो संस्कार लेकरं उचलतात म्हटले, तो हाच.

काठ रिकामा का झाला?

आता कडू बोलायची वेळ आली. मुदगडपासून पाटोद्यापर्यंतच्या या मल्लांची नावे आपण अभिमानाने घेतो, पण त्यांना घडायला पुण्या-कोल्हापूरलाच जावे लागले. आपल्या मातीने दिली ती ओढ. ती ओढ लागते लहानपणी, जवळून बघितल्याने. आणि नेमका तोच काठ आज लेकरांसाठी उरलेला नाही.

अलीकडच्या फडात जाऊन बघा. हौद्याच्या पुढे सोफे, सोफ्यापुढे टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पाहुण्यांचे सत्कार संपता संपत नाहीत. लेकरं बांबूच्या पलीकडे, मोठ्यांच्या पाठी बघत उभी. फ्लेक्सवर शेवटच्या कुस्तीचे इनाम लाखात आणि रेवडीच्या कुस्त्या 'वेळेअभावी' रद्द. लाखाची ती कुस्तीही कधी कधी अर्धा तास खडाखडी करून बरोबरीत सोडवली जाते. मग माणसं उठताना पुटपुटतात, "नुरा होती बाप्पा!" लेकराने घरी काय न्यायचे? धूळ?

दुसरी अडचण पोटाची. पहिलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात खुराकाची कथा काय सांगावी? दुष्काळ पडला की आधी दावणीची म्हैस बाजारात जाते, आणि म्हैस गेली की पोराची तालीम सुटते. मोठ्या स्पर्धा आता गादीवर होतात आणि गादी काही लाखांची. गावातली जुनी तालीम मात्र कुठे खताच्या पोत्यांनी, कुठे मंडपाच्या सामानाने भरलेली.

कोणी म्हणेल, आता मोबाइलवर जगातली कुस्ती फुकट दिसते, मग फडात कशाला जायचे? दिसते, हे खरे आहे. डावही परत परत बघता येतो, हा फायदाही मान्य. पण मोबाइलवरचा मल्ल त्या पोराकडे बघत नाही. फडातला मल्ल फेरी मारताना पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, दंडाला हात लावून बघू देतो, "काय रे, जोर मारतोस का?" असे विचारतो. एवढ्याने पोर दुसऱ्या दिवशी पहाटे उठते.

खर्चाविना होणाऱ्या गोष्टी

यात्रा समित्यांना आणि गावकऱ्यांना म्हणून चार गोष्टी सांगाव्या वाटतात. पहिली, हौद्याचा काठ लेकरांचा ठेवा, सोफे मागे न्या. दुसरी, रेवडीच्या कुस्त्या कधीच रद्द करू नका, वेळ कमी असेल तर सत्कार कमी करा. लाखाच्या इनामातले थोडे पैसे काढले तर शंभर पोरांना नारळ आणि एक-एक वही देता येईल. तिसरी, बाहेरून बोलावलेल्या मोठ्या मल्लाला सकाळी तासभर गावच्या शाळेत न्या, मातीतच दोन डाव दाखवू द्या. चौथी, तालमीतली पोती बाहेर काढा.

आणि पोरींना विसरू नका. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. आपल्या फडात पोरींची जोड लागली तर आधी चार जण हसतील, नंतर चारशे टाळ्या वाजवतील. पण त्यासाठी पोरी काठावर बसलेल्या पाहिजेत, घराच्या माळवदावरून बघणाऱ्या नकोत.

वाचकहो, तुम्ही मोठे मल्ल पाहिलेत कारण तुमच्या आधीच्या पिढीने पायली-पायली ज्वारी वर्गणी देऊन त्यांना तुमच्या गावात आणले आणि तुम्हाला पुढे बसवले. त्या पिढीने ते देणे फेडून घेतले नाही, तुमच्याकडे ठेवून दिले. येत्या यात्रेला नातवाला, नातीला सोबत न्या. हलगी वाजली की त्यांचा हात सोडा आणि त्यांना पुढे जाऊ द्या. पंच दटावेल, दटावू दे. वीतभर मागे सरतील आणि दोन वीत पुढे जातील.